एकतीस ताव आणि एक कात्री

खरं बोलावं आणि गोडही बोलावं, असं थोरामोठ्यांनी सांगून ठेवलं आहे. दोन्ही एकाच दमात कसं बोलावं, एवढं मात्र सांगायचं त्यांच्याकडून राहून गेलं. ते निस्तरायची पाळी आली एका टेलरिणीवर.

बाजाराच्या रस्त्याला, चाव्या बनवणारा आणि चष्म्याचं दुकान यांच्या मधोमध तिचं दुकान. पुढे काउंटर आणि दोन मशिनं, मागे कापायची खोली. खोलीत एक लांब टेबल, टेबलावर डोक्याला लागेल इतका खाली लोंबणारा दिवा, आणि भिंतीवर ओळीने खिळे. खिळ्यांना कापड बेतायचे कागदी फर्मे टांगलेले. गणवेशाचा, फ्रॉकचा, कोटाचा. शेवटच्या चार खिळ्यांना मात्र फर्मे नव्हते, कथा होत्या. कारण दर बुधवारी दुकानाला सुट्टी असे आणि दर बुधवारी चार वाजता त्या टेबलाभोवती चार बायका आपापलं लिहिलेलं घेऊन बसत.

पहिली टेलरीण स्वतः. दुसरी प्रसूतीच्या वॉर्डातली सिस्टर. ती कविता लिहायची, त्याही इतक्या छोट्या की वाचून संपल्यावर कंडक्टर विचारायची, "पुढचा स्टॉप आहे का, की इथेच उतरायचं?" तिसरी ही कंडक्टर. तिचा आवाज शेवटच्या सीटपर्यंत पोचायचा, बस नसली तरी. आणि चौथ्या, खरं तर पहिल्या, मोठ्या बाई. मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती, पण निवृत्त शाळा झाली, बाई नाहीत, असं सिस्टर म्हणे.

हा गट जमवला बाईंनीच. तीन वर्षांपूर्वी कोटाचं अस्तर बदलायला म्हणून त्या दुकानात आल्या. टेलरिणीने माप लिहायला फर्म्याचा कागद पुढे ओढला, तर त्याच्या मागे चार ओळी. बाईंनी चष्मा लावून वाचल्या. टेलरीण लाजून अर्धी झाली. सातवीत शाळा सुटलेली ती, शिवता शिवता मनात आलं ते लिहून मोकळी व्हायची. दाखवायला थोडंच लिहिलं होतं? बाई म्हणाल्या, "हे कोणी लिहिलं?" टेलरिणीला वाटलं आता छडी. बाई म्हणाल्या, "बुधवारी येते. अजून असेल ते काढून ठेव." त्या दिवसापासून टेलरिणीचा आठवडा बुधवारी सुरू व्हायला लागला. सोमवार, मंगळवार नुसते वाटेवरचे.

गटाचे नियम बाईंचे. एक, आपलं आपण वाचायचं नाही. दुसरीने वाचायचं, लेखिकेने गप्प ऐकायचं. दोन, वाचून झालं की प्रत्येकीने आधी एक आवडलेलं सांगायचं, मग एक खटकलेलं. तिसरा नियम टेलरिणीमुळे पडला. बाईंचं अक्षर मुंगीच्या पायाएवढं, कंडक्टरला ते वाचता येईना. मग टेलरिणीने सगळ्यांना फर्म्याचे मोठे, खाकी ताव वाटले आणि म्हणाली, "यावर लिहा, चांगलं ठळक." तेव्हापासून कथा काय, कविता काय, सगळं खाकी तावांवर. बाई ताव एकाच बाजूने वापरत. दुसरी बाजू कोरी सोडणं ही त्यांची शिस्त.

या तावांवर बाईंनी तीन वर्षं एकच कथा लिहिली. एका आदर्श मुख्याध्यापिकेची. "ती मी नव्हे," असं बाईंनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं, त्यामुळे कोणालाच शंका राहिली नाही. एकतीस ताव झाले. प्रत्येक प्रकरण सूर्योदयाने सुरू होई. शाळेच्या इमारतीची पायाभरणी होई, मग विश्वस्तांची ओळख होई, एकेकाची, अकरा जणांची. कंडक्टर वाचून वाचून घामाघूम होई. शेवटी बाई विचारत, "आवडलेलं?" तिघी म्हणत, "छान आहे बाई." "खटकलेलं?" तिघी छताकडे बघत. "खटकलेलं असं काही नाही बाई."

खोलीच्या कोपऱ्यात टेलरिणीच्या सासूबाई स्टुलावर बसून हुक लावत असत. त्या गटात नव्हत्या. "मला कुठं लिहिता येतंय," म्हणत आणि सुईत दोरा ओवून घेत. बाईंची कथा सुरू झाली की त्यांची मान हळूहळू छातीवर येई. टेलरीण त्यांच्याकडे बघून मनात म्हणे, सासूबाई, तुमचं भाग्य मोठं. तुम्हाला कोणी आवडलेलं विचारत नाही.

इथवर सगळं सुरळीत होतं. मग वाचनालयाचं पत्र आलं. दोन आठवड्यांनी रविवारी वार्षिक कार्यक्रम, गटाने एक कथा वाचावी, वेळ वीस मिनिटं. कोणाची वाचायची, असा प्रश्न निघाला आणि तिघींच्या माना आपोआप बाईंकडे वळल्या. इतक्या वर्षांचा धाक, तो का एका पत्राने जातो? बाई म्हणाल्या, "माझीच म्हणता? बरं." त्यांच्या गालावर जी लाली आली ती टेलरिणीने आधी कधी पाहिली नव्हती.

पुढच्याच आठवड्यात बाई नसताना सिस्टरने हिशोब मांडला. बाळाच्या ठोक्यांसाठी वापरायचं घड्याळ तिच्या छातीवर टाचलेलं असे. "मी तिन्ही वर्षं बघतेय. एका तावाला सव्वाचार मिनिटं. एकतीस ताव म्हणजे दोन तास बारा मिनिटं. तेही ही न थांबता ओरडली तर."

"मी ओरडत नाही, वाचते," कंडक्टर ओरडली.

"बाईंना सांगावं लागेल, कमी करा म्हणून."

"सांग ना मग."

"माझ्या तोंडून लोकांना वाईट बातमीच ऐकू येते. मी नुसतं 'बसा' म्हटलं तरी नातेवाईक रडायला लागतात. तू सांग."

"मला हळू बोलता येत नाही," कंडक्टर म्हणाली. "हे हळू सांगायचं काम आहे."

मग दोघींनी टेलरिणीकडे पाहिलं. मांजराच्या गळ्यात घंटा बांधायला उंदीर सापडला होता.

"तू रोज कापतेस," सिस्टर म्हणाली. "तुझा हात सरावलेला."

"कापड बोलत नाही गं," टेलरीण म्हणाली. "आणि बाई रागावून गेल्या तर? गट कोणाचा आहे? बाई गेल्या की बुधवार गेला."

हे दोघींनाही ठाऊक होतं, म्हणून तर तीन वर्षं छताकडे बघत होत्या.

मंगळवारी दुपारी गिऱ्हाईक नव्हतं. टेलरिणीने बाईंच्या खिळ्यावरचे एकतीस ताव उतरवले, टेबलावर ठेवले आणि हातात शिंप्याचा खडू घेतला. खडू अशासाठी की तो पुसता येतो. ठरवलं, काय ठेवायचं आणि काय गाळायचं त्याच्या बारीक खुणा करू, उद्या बाई आल्या की देवाचं नाव घेऊन पुढे ठेवू. पहिल्या तावावर सूर्योदय. तिने एक फिकट रेघ मारली. दुसऱ्या तावावर इमारत. तिथेही मारली. हात जरा सैल झाला. पाचव्या तावाला समासात पेन्सिलीने काहीतरी बारीक लिहिलेलं दिसलं. तिने दिव्याखाली धरलं. बाईंनी स्वतःसाठी टिपून ठेवलं होतं: "इथे पडद्याच्या कापडाचं वर्णन तिला विचारून पक्कं करायचं. तिला या गोष्टी माझ्यापेक्षा जास्त कळतात."

टेलरीण तशीच उभी राहिली. तिला या गोष्टी जास्त कळतात, असं जन्मात कोणी कागदावर लिहिलं नव्हतं. तिने पदराने दोन्ही रेघा पुसल्या, अगदी डाग राहू नये अशा पुसल्या, आणि ताव पालथे घातले. सरळ ठेवले असते तर बाई वर बघताहेत असं वाटलं असतं. उद्या बघू, म्हणाली आणि बाहेर काउंटरवर जाऊन बसली. माणूस उद्या बघू म्हणतो तेव्हा उद्या त्याच्याकडे बघत असतो.

उद्या उजाडला. बुधवारची सुट्टी, तरी सकाळी नऊलाच हॉस्पिटलच्या स्टोअरवाल्याचा निरोप आला. वॉर्डासाठी कोट शिवायचं काम देतो, पण पाच मापांचे नमुने गुरुवारी सकाळी पाहिजेत. मोठं काम होतं. जुना कोटाचा फर्मा झिजून त्याच्या बाहीला भोकं पडली होती, तेव्हा नवे फर्मे काढणं आलं. टेबलावर खाकी ताव होतेच. जिथे नेहमी असतात तिथे, कोरी बाजू वर.

टेलरिणीचा हात कामात गेला की डोकं बाजूला उभं राहतं. पाठीला दोन ताव डकवून एक केला, पुढच्या भागाला दोन, बाहीला एक, कॉलर आणि खिसा मिळून एक. चौतीस छाती, छत्तीस, अडतीस, चाळीस, बेचाळीस. पेन्सिल फिरली, त्यामागून कात्री फिरली. भजन गुणगुणत तिने दीड तासात तीस ताव कापले. आजवर तिच्या हातून इतकी सफाईदार काखेची गोलाई कधी निघाली नव्हती. कातरण झाडून पोत्यात भरलं आणि अकराच्या कचऱ्याच्या गाडीत स्वतःच्या हाताने टाकलं. गाडीवाल्याला "सावकाश जा रे बाबा" असंही म्हणाली.

सासूबाईंनी टाचण्या लावायला एक बाही उचलली, उलटी केली, लांब धरली.

"सूनबाई, या बाहीवर काहीतरी लिहिलंय."

"माप असेल."

"माप नाही. 'पूर्वेच्या क्षितिजावर सोनेरी रंगाची', आणि पुढे काख आहे."

टेलरिणीने पाठ उलटी केली. सूर्योदय. दुसरी पाठ, दुसरा सूर्योदय. कॉलरवर दोन विश्वस्त उरले होते, तिसऱ्याचं नाव मानेत गेलं होतं. तिने सगळे तुकडे टेबलावर जुळवून बघितले, पण मधलं सगळं अकराच्या गाडीत बसून गेलं होतं. एकच ताव शाबूत राहिला होता, एकतिसावा. त्यावर फक्त 'समाप्त' असं लिहिलं होतं, आणि खाली पट्टीने आखलेली रेघ.

दुसरी प्रत नव्हती. कंडक्टरने एकदा सुचवलं होतं, बाई, मोबाइलवर फोटो काढून ठेवू का. बाई म्हणाल्या होत्या, "छत्तीस वर्षं मुलींच्या कॉप्या पकडल्या. आता स्वतःच कॉपी ठेवू?"

"उंदरांनी खाल्लं म्हण," सासूबाई म्हणाल्या.

"तीस ताव?"

"मोठे उंदीर म्हण." मग टाचणी तोंडातून काढून त्या म्हणाल्या, "नाहीतर खरं सांग. खऱ्याला उंदीर शोधावे लागत नाहीत."

चारला दहा कमी असताना सिस्टर आणि कंडक्टर आल्या. टेलरिणीने त्यांना काउंटरपाशीच थांबवून सगळं सांगितलं. कंडक्टरच्या चेहऱ्यावर क्षणभर, अगदी डोळ्याचं पातं लवेपर्यंत, एक समाधान येऊन गेलं.

"म्हणजे आता वीस मिनिटांत बसेल," ती तिच्या परीने हळू म्हणाली. चावीवाल्याने वळून पाहिलं.

"लाज वाटू दे," सिस्टर म्हणाली, पण तिनेही छातीवरचं घड्याळ जरा चाचपलं.

ठीक चारला मोठ्या बाई आल्या. हातात चष्म्याची डबी, टोकदार पेन्सिली, आणि रविवारी वाचताना कंडक्टरने कुठे श्वास घ्यायचा याची यादी. बसल्या आणि म्हणाल्या, "चला. एकदा पहिल्यापासून वाचून घेऊ."

"बाई," टेलरीण उभी राहिली. तिला बसून बोलताच येईना. "बाई, तुमची कथा मी कापली."

"किती?" बाई शांतपणे म्हणाल्या. "थोडंफार मलाही वाटत होतं."

"सगळी. बेचाळीस छाती कापून होईस्तोवर मला कळलंच नाही."

तिने टेबलावरची चादर बाजूला केली. बाईंनी एक बाही उचलली, वाचली, ठेवली. कॉलर उचलली, वाचली, ठेवली. खोलीत फक्त सासूबाईंच्या सुईचा आवाज येत होता, आणि सुईला काही आवाज नसतो.

"हे मी कोऱ्या बाजूवरून कापलं, चुकून," टेलरीण म्हणाली. इथेच थांबली असती तर चाललं असतं. पण अर्धं खरं पोटात ठेवून ती कधी झोपली नव्हती. "पण ताव टेबलावर मीच काढले होते बाई, काल. कथा लांब आहे ते तुम्हाला सांगायचं होतं म्हणून. खुणा केल्या आणि पुसल्या. धीर झाला नाही."

"लांब आहे."

"हो बाई."

बाईंनी दुसऱ्या दोघींकडे बघितलं. दोघी छताकडे बघत होत्या.

"किती दिवसांपासून लांब आहे?"

"तिसऱ्या तावापासून," कंडक्टर म्हणाली आणि जीभ चावली.

बाईंनी चष्मा काढला. चष्म्याशिवाय त्या एकदम कोणाच्या तरी आत्याबाईंसारख्या दिसल्या, म्हाताऱ्या आणि थकलेल्या. "तीन वर्षं दर बुधवारी मी विचारलं, खटकलेलं सांगा. तीन वर्षं तुम्ही छान म्हणालात. मला इतकं घाबरलात?"

"तुम्हाला नाही," टेलरीण म्हणाली. "बुधवार जाईल म्हणून घाबरलो. तुमच्याआधी मला बुधवार नव्हताच, बाई. नुसती दुकानाची सुट्टी होती."

बाईंनी चष्मा पुन्हा लावला, आणि तो लागताच पाठ सरळ झाली.

"बसा सगळ्या. तोंडी परीक्षा. लिहिलेलं गेलंय. ऐकलेलं काय राहिलंय ते बघू. सिस्टर, तू."

सिस्टर चटकन उभी राहिली. बायकांची बाळंतपणं हसत हसत पार पाडणाऱ्या सिस्टरच्या कपाळावर घाम. "एक मुख्याध्यापिका होत्या."

"पुढे?"

"आदर्श होत्या."

"बस. कंडक्टर, तू तर स्वतः वाचलंस."

"सूर्योदय होता बाई."

"कितव्या प्रकरणात?"

"सगळ्याच."

"विश्वस्त किती?"

"फुल होते," कंडक्टर म्हणाली. "उभं राहायला जागा नव्हती."

सिस्टरला खोकल्याची उबळ आली. टेलरिणीने खाली मान घातली. बाईंचा ओठ थरथरला. रागाने की कशाने, ते तिला कळेना.

"आणि त्या गोळ्या," कोपऱ्यातून आवाज आला.

सगळ्यांनी मागे पाहिलं. सासूबाई हुक लावत होत्या, मान खालीच. "ती पोरीची पुडी नाही का, बाईंनी जप्त केली ती. आंबट गोळ्यांची. टेबलाच्या खणात ठेवली. मग शाळा सुटली की त्या बाई एकट्याच बसून एकेक गोळी खायच्या. मला फार आवडलं ते. मी घरी जाऊन दोनदा हसले."

"तुम्ही तर झोपायचात," टेलरीण म्हणाली.

"सूर्य उगवला की झोपायचे. गोळ्यांना जागी होते."

"हो, हो, गोळ्या," कंडक्टर उठलीच. "चौकशीचा भाग म्हणून खाल्ली पहिली. त्या दिवशी मी वाचताना हसले होते आणि तुम्ही माझ्याकडे असं बघितलंत की मी खोकले."

"मी वॉर्डात सांगितली ती गोष्ट," सिस्टर म्हणाली. "एका बाईचे टाके दुखले हसून."

बाईंनी पेन्सिल टेबलावर ठेवली. "तो अर्धा परिच्छेद होता. आणि मी तो गाळणार होते. आदर्श मुख्याध्यापिकेला शोभत नाही." त्यांनी चाळीस छातीची पाठ उलटसुलट केली. "बघा, नेमका तोच काखेत गेलाय. देवालाही मंजूर नव्हता."

"देवाला मध्ये घेऊ नका," सासूबाई म्हणाल्या. "कात्री सूनबाईची होती. बरं, किती होत्या गोळ्या? पाच ना?"

"अकरा," बाई म्हणाल्या.

"अकरा दिवस?"

"नऊ. दोन दिवस मोह आवरला नाही, दोन-दोन खाल्ल्या." बाई थबकल्या. "त्यांनी खाल्ल्या."

टेलरिणीने हळूच एक कोरा ताव पुढे ओढला. या वेळी दोन्ही बाजू तपासून. पेन्सिल घेतली आणि काही न बोलता लिहायला लागली.

"मग वर्ष संपलं," बाई सांगू लागल्या. "नियम होता, जप्त केलेलं शेवटच्या दिवशी परत. मुली रांगेत उभ्या. कोणाचा आरसा, कोणाची टिकल्यांची डबी. ती मुलगी रांगेत सातवी. आदल्या दिवशी तीन दुकानं पालथी घातली. तसल्या हिरव्या गोळ्या यायच्याच बंद झालेल्या. शेवटी लाल आणल्या. तशाच पुडीत बांधल्या, अकरा मोजून. तिने पुडी उघडली आणि म्हणाली, बाई, माझ्या हिरव्या होत्या."

"मग?" कंडक्टर पुढे सरकली.

"त्या म्हणाल्या, खणात बरेच दिवस होत्या. पिकल्या."

कंडक्टर टेबलावर आडवी झाली. दिवा झुलायला लागला. सिस्टर डोळे पुसत म्हणाली, "इथेच संपलं होतं तुमच्याकडे. पुढे लगेच सूर्य उगवला होता."

टेलरिणीची पेन्सिल थांबली. "बाई, पण ती मुलगी काय म्हणाली?"

"ते मी लिहिलं नव्हतं."

"म्हणाली ना काहीतरी?"

बाई खिळ्यांकडे बघत राहिल्या. "म्हणाली, हो बाई. आणि निघाली. दारापर्यंत गेली, परत आली, पुडीतली एक लाल गोळी काढून माझ्या टेबलावर ठेवली. म्हणाली, घ्या बाई, तुम्हाला आवडतात. मी विचारलं, तुला कोणी सांगितलं? तर म्हणाली, रोज सकाळी प्रार्थनेला तुमची जीभ हिरवी दिसायची. सगळ्या शाळेला माहीत आहे."

कोणी हसलं नाही. म्हणजे हसल्या सगळ्याच, पण आवाज आला नाही.

"चारशे मुली," बाई म्हणाल्या. "एकीनेही सांगितलं नाही. आणि आता तुम्ही तिघी. मला कोणी काही सांगतच नाही."

"मी सांगितलं असतं," सासूबाई म्हणाल्या. "मला कोणी विचारलंच नाही."

"पुढच्या बुधवारपासून टेबलाशी बसा," बाई म्हणाल्या. "स्टुलासकट."

त्या संध्याकाळी कथा तयार झाली, साडेचार तावांची. बाई सांगत, टेलरीण लिही, सिस्टर घड्याळ धरी, कंडक्टर अडखळेल ते वाक्य बदललं जाई. सूर्योदय एक ठेवला. बाईंचा जीव त्यात होता, आणि एकाला कोणाची ना नव्हती. 'ती मी नव्हे' मात्र कोणीच पुन्हा काढलं नाही. निघताना बाईंनी अडतीस छातीची बाही उचलून दिव्यापाशी धरली आणि विचारलं, "माझं माप हेच ना?"

रविवारी वाचनालयाच्या सभागृहात बाई पहिल्या रांगेत बसल्या त्या नव्या कोटात. टेलरिणीने नमुने पोचते केल्यावर तोही दोन दिवसांत शिवला होता, त्याच फर्म्यावरून. कंडक्टरने एकोणीस मिनिटांत वाचलं, माइक बंद ठेवून. गोळ्या पिकल्या तेव्हा सभागृहातल्या खुर्च्या करकरल्या, आणि जीभ हिरवी झाली तेव्हा वाचनालयाच्या अध्यक्षांनी घंटी वाजवायला उचललेला हात तसाच डोळ्यांकडे नेला. टेलरीण मागे दाराशी उभी होती. तिला तिथून फक्त कोटाची पाठ दिसत होती. खांद्यापाशी जरा हलत होती. शिवण उसवते की काय, असं वाटून तिचा जीव वरखाली झाला. पण बाई हसत होत्या.

पुढच्या बुधवारी पाळी टेलरिणीची होती. तिची सात तावांची कथा बाईंपुढे ठेवलेली. बाईंनी पिशवीतून एक छोटी कात्री काढून टेबलावर ठेवली. "घरून आणली. फक्त कागदासाठी आहे." टेलरिणीने एक पुडी पुढे सरकवली. चावीवाल्याची बहीण दुसऱ्या गावी राहते, तिच्याकडून मागवली होती. हिरव्या गोळ्या.

"लाच?" बाई म्हणाल्या.

"नाही बाई. चौकशीचा भाग."

सिस्टरने टेलरिणीची कथा वाचली. टेलरीण नियमाप्रमाणे गप्प बसून ऐकत राहिली. बाई ऐकता ऐकता पुडीत हात घालत राहिल्या. वाचून झालं. आवडलेलं त्यांनी एक सांगितलं, आणि ते इतकं नेमकं होतं की टेलरिणीने ते मनात घडी घालून ठेवलं. मग त्यांनी कात्री उचलली.

"आता खटकलेलं. पहिले दोन ताव कशाला आहेत? गोष्ट तिसऱ्यावर सुरू होते. एवढी नीट शिवतेस, आणि इथे दोन वीत अस्तर बाहेर लोंबतंय."

टेलरिणीचे कान तापले. वाईट वाटलं, चांगलंच वाटलं. आणि त्याच्या तळाशी, देव जाणे कुठून, एक आनंद होता. बाई गेल्या नव्हत्या. कापायला बसल्या होत्या.

"बरं बाई," ती म्हणाली. "आणि तुमची जीभ हिरवी झालीय."